बडोद्यात ‘आधार दाखवा आणि बसा’? कुठे बसवतील ते आधी वाचा

लग्नसराई आली, पुण्या-नाशकाचे पाहुणे बडोद्याला निघाले, की व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरायला लागतो. आमच्या दांडिया बाजारातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आला. त्यातले दावे असे: गुजरातची दारूबंदी नावापुरती उरली आहे; बाहेरच्या राज्याचं आधार कार्ड दाखवलं की हॉटेलात बसून पिता येतं; बिल असेल तर महाराष्ट्रातली बाटली गाडीतून आणता येते; फार्महाऊसवर कायदा लागत नाही; नवरात्रात तर सरकारच सूट देतं.

आधार कार्डाचं मूळ बहुधा गिफ्ट सिटीत आहे. 2023 च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या या वसाहतीत ठरावीक हॉटेलं आणि क्लबांना दारू देण्याची मुभा मिळाली. मुभा त्या आवारापुरती. बडोदं तिथून शंभरावर किलोमीटर लांब आहे आणि इथे बार नाही. इथे परप्रांतीय पाहुण्याला मिळतो तो पर्यटक परवाना: ओळखपत्र आणि प्रवासाचं तिकीट दाखवून, फी भरून, मोजक्या दिवसांसाठी, ठरलेल्या प्रमाणात. परवानाधारक हॉटेलच्या दुकानातून बाटली घ्यायची आणि आपल्या खोलीत जायचं. रेस्टॉरंटच्या टेबलावर ग्लास येणार नाही.

एक गोष्ट त्या संदेशात कुणी लिहीत नाही. परवाना ज्याच्या नावाचा, त्याचाच. बडोद्याचे भावोजी ‘छांटोपाणी’ला, म्हणजे घोटभर घ्यायला, शेजारी बसले, तर तुमचा कागद त्यांच्या कामाचा नाही. गुजरातच्या रहिवाशाला लागतो आरोग्य परवाना, तोही वैद्यकीय तपासणीनंतर. पाहुणा सुटेल, यजमान अडकेल. आणि यजमानाला इथेच राहायचं असतं.

बिलाचं म्हणाल, तर ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ असं त्या बाटलीवरच छापलेलं असतं. सीमेवर ते बिल दाखवणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा हातात देणं. 2017 च्या दुरुस्तीनंतर दारू बनवणं, विकणं आणि तिची वाहतूक यांना 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीही जप्त होते. ‘पावती फाडून सुटू’ हा हिशेब इथे लागू नाही.

(हा गुजरात्यांचा आडमुठेपणा आहे असं समजणाऱ्यांसाठी: कायदा मूळचा आपलाच. मुंबई दारूबंदी कायदा, 1949. गुजरातने 2011 मध्ये त्याचं नाव बदललं. महाराष्ट्रातही प्यायला कागदोपत्री परवाना लागतोच. तो विचारायला मात्र कुणी येत नाही.)

फार्महाऊसचा दावा तर बडोद्यातच खोटा ठरला आहे. 2016 च्या डिसेंबरात शहराबाहेरच्या एका फार्महाऊसवर लग्नाआधीच्या पार्टीत छापा पडला. 200 हून अधिक पाहुणे ताब्यात घेतले गेले, त्यांत शहरातली बडी माणसंही होती. रात्रभर रक्ताचे नमुने घेणं चाललं होतं. विनापरवाना पिणं हाच मुळात गुन्हा, मग जागा खासगी असो की नसो. रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातून आलं वगैरे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

आता ‘नावापुरती’. यात तथ्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. चोरून मिळते, घरपोच मिळते, सगळ्यांना माहीत आहे. पण चोरीच्या मालात काय आहे हे तपासणारं कुणी नसतं. 2022 च्या जुलैत बोटाद भागात विषारी दारूने 40 हून अधिक माणसं गेली. त्यात कारखान्यात वापरायचं मिथेनॉल होतं. ‘ओळखीचा माणूस आणून देतो’ या भरवशावर पाहुण्याने राहू नये.

राहिली नवरात्रातली सूट. ती खरी आहे, पण लाऊडस्पीकरची. एरवी रात्री 10 ला बंद करावे लागणारे ध्वनिक्षेपक, वर्षातल्या मोजक्या दिवशी 12 पर्यंत चालू ठेवायची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं. गरबा त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत चालतो. त्या मैदानात तोंडाला वास घेऊन शिरलात, तर पास असूनही बाहेर काढतील. गरबा संपल्यावर भूक लागली तर कारेलीबागेतला रात्री बाजार आहे. तिथे ओळखपत्र लागत नाही.