साडेपाचचं कुलूप

आज मंगळवार, १ एप्रिल २०२५. सकाळी साडेनऊला कॉलेजची लॅब उघडली आणि आमच्या रोबोकॉन टीमच्या बॉटजवळ, म्हणजे रोबोजवळ, गेल्या गेल्या कळलं की काहीतरी बिघडलंय. एलईडी बंद. डिस्प्ले बंद. बॅटरीचं कव्हर काढलं तर बॅटरी टम्म फुगलेली, वरचं प्लास्टिक ताणून पांढरं पडलेलं. चार्जरला लावली तर चार्जरने घेतलीच नाही. मीटर लावून एकेक सेल बघितला. १.९, १.७, २.१. सहाच्या सहा सेल गेलेले. लायपोचा, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा, सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की तो संपला, हे आमच्या फर्स्ट इयरच्या पोरांनासुद्धा पाठ आहे.

साडेसहा हजारांची बॅटरी. पंधरा जणांनी खिशातून पैसे घालून घेतलेली. आणि ती कुणाच्या हलगर्जीपणाने गेली नाही, कुलपाने गेली. म्हणून आज लिहिणारच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक देशांतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांची स्पर्धा, २००२ मध्ये टोकियोला सुरू झालेली. दरवर्षी यजमान देश एक खेळ ठरवतो आणि त्या खेळाचे रोबो करायचे. आपल्याकडची राष्ट्रीय फेरी दूरदर्शनची, जिंकणारी टीम भारताकडून बाहेर जाते. २००८ ला आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली तेव्हा थीम होती गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी. २०२२ ला दिल्लीत झाली तेव्हा लगोरी. यंदा यजमान मंगोलिया आणि खेळ बास्केटबॉल. रोबोने चेंडू ड्रिबल करायचा, दुसऱ्या रोबोला पास द्यायचा, बास्केट करायची.

रोबोने बास्केटबॉल ड्रिबल करायचा म्हणजे काय असतं हे एकदा येऊन बघा. न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, सिलिंडरने चेंडू खाली ढकलायचा, तो आपटून वर आला की नेमक्या क्षणी पकडायचा. चेंडूत हवा किंचित कमी असली की उंची बदलते. फरशी बदलली की उंची बदलते. चेंडू फेकणाऱ्या शूटरला दोन चाकं, त्यांचा आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, पन्नासने इकडेतिकडे झाला की चेंडू रिंगच्या मागे. म्हणजे एक आकडा बदलायचा, दहा चेंडू टाकायचे, लिहून ठेवायचं, पुढचा आकडा. ह्याला दुसरा रस्ता नाही. हुशारीने हे होत नाही, तासांनी होतं.

आणि तेच तास आमच्या कॉलेजमध्ये मिळत नाहीत.

हिशोब सांगते. लेक्चर आणि प्रॅक्टिकल साडेचारपर्यंत. लॅब बंद साडेपाचला. मधला एक तास. त्यात ऑफिसात जाऊन रजिस्टरवर सही करून चावी आणायची, ती ज्यांच्याकडे असते ते जागेवर असले तर. मग बेंच बाजूला सरकवायचे, कारण आम्हाला स्वतंत्र जागा नाही. जमिनीवर टेप लावायचा. बॉट बाहेर काढायचा, बॅटरी जोडायची, चाकांचे फेरे मोजणारे एन्कोडर शून्यावर आणायचे. झाले पाच. पाच वीसला आवरायला घ्यायचं, कारण बेंच होते तसे पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी तक्रार. हातात उरतात वीस मिनिटं. वीस मिनिटांत पंधरा चेंडू टाकून होतात, फार तर अठरा. मधेच एखादी वायर सुटली तर तेवढेही नाहीत.

त्यात लॅबच्या टाइल्स सपाट नाहीत. चेंडू एका ठिकाणी वर येतो, हातभर पुढे गेलं की तिरका उडतो. कॉलेजच्या आवारात बास्केटबॉलचं चांगलं कोर्ट आहे. यंदाची थीमच बास्केटबॉल आहे! तीन पत्रं दिली. पहिलं पत्र हरवलं. दुसऱ्यावर शेरा आला, ‘कोर्ट फक्त खेळासाठी.’ तिसरं अजून टेबलावर आहे, फेब्रुवारीपासून. आमच्या बॉटची चाकं रबरी आहेत, कोर्टाला ओरखडाही जाणार नाही, दाखवायला घेऊन येतो म्हणालो. कुणी बघायलासुद्धा खाली उतरलं नाही. आम्ही कोर्ट तोडायला मागत नव्हतो, संध्याकाळचा एक तास मागत होतो, ज्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं.

आता शुक्रवारचं. २८ मार्च. पाडवा रविवारी, सोमवारी ईद, शनिवारी आमच्याकडे सुट्टी. म्हणजे लॅब थेट मंगळवारी उघडणार हे माहीत होतं, म्हणून दुपारीच अर्ज दिला होता की आज साडेसातपर्यंत थांबू द्या. स्पर्धेसाठी बॉटचा व्हिडिओ पाठवायची तारीख तोंडावर आली आहे. अर्जावर सही झाली नाही, कारण साहेब मीटिंगमध्ये. ठीक आहे. पाच चाळीसला वॉचमन मामा आले. त्या दिवशी पहिल्यांदा सलग चार बास्केट पडल्या होत्या. चार! आम्ही ओरडत होतो आणि मामांनी दारातला मेन स्विच खाली केला.

अंधार झाला. “चला, कुलूप लावायचंय.”

“मामा, पाच मिनिटं. बॅटरी काढू द्या फक्त.”

“रोजचं आहे तुमचं पाच मिनिटं. मला वरून फोन आलाय. आधी बाहेर व्हा.”

आमच्या एका ज्युनिअरने अंधारातच हात घालून लाल इमर्जन्सी बटण दाबलं. त्याला वाटलं बॉट बंद झाला. त्याची काहीही चूक नाही. लाल बटण मोटरची पॉवर तोडतं. कंट्रोलर आणि लायडार (अंतर मोजणारा सेन्सर) वेगळ्या लाइनवर असतात, ते चालूच राहतात, थोडाथोडा करंट खात. ते बंद करायला बॉटच्या पोटात हात घालून कनेक्टर उपसावा लागतो. दहा सेकंदांचं काम. मी दारात उभी राहून हेच सांगत होते, मामा, दहा सेकंद. कुलूप लागलं.

रात्री मी फोन केले. लॅब असिस्टंट सरांना, कोऑर्डिनेटर सरांना. एकांनी उचलला नाही. दुसरे म्हणाले, “सुट्टीत चावी देता येत नाही, मंगळवारी बघू, एवढं काय होतंय.” शनिवारी सकाळी गेटवर जाऊन उभे राहिलो. आत सोडलं नाही. अशी बॅटरी साधारण एका दिवसात मरते. आमची चार रात्री कुलपात होती. पाडव्याच्या दिवशी घरी सगळे गुढी उभारत होते आणि माझ्या डोक्यात एकच, आता तीन व्होल्टच्या खाली गेली असेल, आता अडीच. कुणाला सांगणार? आईला सांगितलं तर ती म्हणाली, “बॅटरीच ना, नवीन घ्या.”

मामांवर माझा राग नाही. त्यांना सव्वासहाची बस असते, ती चुकली तर पुढची पावणेआठला. त्यांना वरून जे सांगितलं जातं ते ते करतात. माझा राग वरच्यांवर आहे. ज्यांनी साडेपाच ही वेळ ठरवली आणि ती का ठरवली हे गेल्या तीन वर्षांत एकदाही सांगितलं नाही, त्यांच्यावर आहे. विचारलं की ‘सेफ्टी’. लायपो बॅटरी चार्ज होताना माणूस समोर पाहिजे, ही सेफ्टी आहे. जोडलेली बॅटरी बंद खोलीत चार दिवस टाकून जायची नाही, ही सेफ्टी आहे. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. त्या खोलीत लाकडी बेंच आहेत, पडदे आहेत. सेफ्टीच्या नावाखाली तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत आणि जळू शकणारी वस्तू आत कोंडलीत.

आणि आता जे सांगणार आहे ते जास्त जिव्हारी लागलेलं आहे.

जानेवारीत आम्ही आठवड्यातून तीन दिवस रात्री आठपर्यंत थांबायची परवानगी मागितली होती. पंधरा नावांचं पत्र. ते मान्य झालं. पत्र परत आलं तेव्हा त्यावर लाल पेनने पाच नावं खोडलेली होती. पट्टी धरून, सरळ रेघ मारून. पाचही मुलींची. माझं नाव तिसरं होतं. खाली लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनींना ५.३० नंतर थांबता येणार नाही.’

शूटरचं डिझाइन माझं आहे. दोन चाकांमधलं अंतर किती, चेंडू किती दाबला जाणार, मोटर कुठली घ्यायची, सगळं मी काढलं. भोसरीला जाऊन प्लेट लेझर कट करून मी आणल्या, पीएमपीच्या बसमधून, मांडीवर ठेवून. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, चार दुकानं फिरून कनेक्टर मी शोधले. दिवसभर भोसरीत फिरले तेव्हा कुणी म्हणालं नाही की मुलींची जबाबदारी कोण घेणार. तेव्हा चाललं. कॉलेजच्या आत, चार भिंतींत, गेटवर वॉचमन असताना, कॅमेरे असताना, तिथे मात्र जबाबदारी घेता येत नाही. माझं हॉस्टेल नऊला बंद होतं. कॉलेजपासून सात मिनिटं चालत. आठला निघाले तरी सव्वाआठला मी खोलीत. मग रेघ कशासाठी?

मी जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, “बेटा, तुमच्याच काळजीपोटी.” काळजी असती तर एका मॅडमना थांबायला सांगितलं असतं. काळजी असती तर आमच्या आईवडिलांची पत्रं मागितली असती. माझ्या बाबांनी तर स्वतःहून लिहून दिलं असतं. काळजीत माणूस काहीतरी व्यवस्था करतो. रेघ मारायला पट्टी आणि पेन पुरतं.

त्यानंतर काय झालं ते सांगते. आठवड्यातले तीन दिवस मुलगे लॅबमध्ये आणि मी हॉस्टेलच्या कॉटवर, फोन हातात. व्हिडिओ कॉलवर मी माझाच शूटर बघायचा. नेट अडकतं. चेंडू सुटताना दिसतो, पडताना दिसत नाही. “डावीकडे गेला का? किती? हाताने दाखव.” मोटर गरम झाली आहे का हे फोनवर कळत नाही. बेल्टचा आवाज बदलला की मला तिथे उभी असताना लगेच कळतं, फोनवर सगळी नुसती घरघर. आमच्यातल्या दोन ज्युनिअर मुली गेल्या महिन्यात टीम सोडून गेल्या. मला म्हणाल्या, “ताई, आम्ही फक्त फाइल लिहायला आहोत का?” मला त्यांना थांबवता आलं नाही. काय सांगून थांबवणार होते?

हेच कॉलेज ऑगस्टमध्ये ॲडमिशनच्या वेळी गेटवर आमचा फ्लेक्स लावतं. बॉटच्या दोन्ही बाजूंना मुली उभ्या केलेल्या असतात, पुढच्या रांगेत, सांगून. गेल्या वर्षी माझा फोटो होता. वेबसाइटवर अजून आहे. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची कमिटी आली तेव्हा आम्हाला एप्रन घालून उभं केलं, बॉट चालवून दाखवायला लावला. त्या दिवशी लॅब रात्री दहापर्यंत उघडी होती, कारण भिंतींना रंग द्यायचा होता. रंगाऱ्यांना दहापर्यंत परवानगी मिळाली!

दरवर्षी उद्घाटनाला भाषण होतं. दहीहंडी काय, लगोरी काय, आपल्या मातीतले खेळ जगाने खेळले, आता आपल्या मुलांनी जग जिंकावं. टाळ्या. व्हिएतनामने २०१८ पर्यंत सात वेळा आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पहिलंच, २००२ चं, त्यांचं. भारताने तीनदा यजमानपद केलं, त्यातलं दोनदा इथे पुण्यात. व्हिएतनामची पोरं आमच्यापेक्षा वेगळ्या मेंदूची नाहीत. वीस मिनिटांच्या सरावावर कुठल्याही देशाची टीम उभी राहू शकत नाही, एवढं साधं आहे.

पैशाचं मी फार बोलत नाही. चारशे रुपयांच्या कनेक्टरसाठी तीन कोटेशन आणा, जीएसटीचं बिल आणा, तपकीर गल्लीतला छोटा दुकानदार कोटेशन देत नाही म्हणून शेवटी खिशातूनच घाला, हे सगळ्याच कॉलेजांत आहे. पैसे आम्ही जमवतो. कुणी क्लास घेतं, कुणी घरून मागतं. तास कुठून जमवायचे?

आज दुपारी बॅटरी वाळूच्या बादलीत टाकली, मोकळ्या जागेत नेऊन ठेवली. तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. मला वाटलं चौकशी करतील, झालं ते चुकीचं झालं म्हणतील. झालं भलतंच. बॅटरी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढवलेली आहे, तेव्हा नुकसान कसं झालं याचा लेखी खुलासा टीमने उद्यापर्यंत द्यायचा. आमच्या पैशाची बॅटरी, त्यांनी रजिस्टरला चढवली, त्यांच्या कुलपात मेली, आणि खुलासा आम्ही द्यायचा. वर एक मॅडम म्हणाल्या, “जरा नम्र भाषेत लिहा, वर जाणार आहे ते.”

लिहितेच आहे. २८ मार्च, दुपारी दोनला अर्ज दिला, पोच सोबत जोडली आहे. संध्याकाळी ५.४० ला मेन स्विच बंद करण्यात आला. बॅटरी काढण्यासाठी दहा सेकंद मागितले, मिळाले नाहीत. रात्री ८.१० आणि ८.२५ ला फोन केले, कॉल लॉगचे फोटो जोडले आहेत. २९ मार्चला सकाळी गेटवर पाच जण हजर होतो, रजिस्टरमध्ये नोंद आहे. १ एप्रिलला सेलचे व्होल्टेज असे असे. त्याला जानेवारीचं ते लाल रेघांचं पत्रही जोडणार आहे. आणि खाली टीमची नावं. सोडून गेलेल्या दोघींना मघाशी फोन केला, सही करायला याल का म्हणून. येतो म्हणाल्या. पंधराच्या पंधरा नावं लिहिणार आहे, आणि माझं तिसरंच ठेवणार आहे.