सेट्रिझिन घ्या आणि पॅड थाई खा म्हणे!

गेल्या रविवारी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. 'परदेशात खाण्यापिण्याचं टेन्शन? डॉक्टरांनी सांगितलेले ६ सोपे उपाय! सर्वांना पाठवा.' खाली आईंची ओळ : 'बघ गं, तू उगाच घाबरतेस.' दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बँकॉकला चाललोय आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. कोण डॉक्टर, कुठले डॉक्टर, नावाचा पत्ता नाही, पण संध्याकाळपर्यंत चौदा अंगठे पडले. ग्रुपवर उत्तर दिलं तर सून भांडकुदळ ठरते, म्हणून इथे लिहितेय.

चौथ्या उपायापासून सुरुवात करते, कारण त्याने जीव जाऊ शकतो. 'अ‍ॅलर्जी असेल तर जेवणाआधी अर्धा तास सेट्रिझिन घ्या आणि बिनधास्त सगळं खा.'

बिनधास्त! म्हणजे दाण्याचं कूट घातलेल्या थाई नूडल्स, पॅड थाईसुद्धा! सेट्रिझिनने खाज थांबते, पित्त उठलेलं बसतं, नाक गळायचं थांबतं. घसा आतून सुजायला लागला, श्वास अडकला, रक्तदाब कोसळला, तर त्या गोळीचा काही उपयोग नाही. तिथे लागतं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत आणि ताबडतोब. यावर जगभरातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांचं एकमत आहे. वर ती गोळी आधीच घेतलेली असली की अंगावर उठणारे चट्टे दबतात, म्हणजे पहिली धोक्याची खूणच पुसली जाते.

मुलगा चार वर्षांचा होता. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी, जेमतेम दोन चमचे. आधी तो कान खाजवायला लागला. मग खालचा ओठ फुगला. मग 'आई' म्हणाला तो आवाज त्याचा नव्हताच. हे सगळं दहा मिनिटांत. दवाखान्यात पोचल्या पोचल्या डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि मगच माझ्याशी बोलले. तोंडाने घेतलेली गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो, हा हिशोब फॉरवर्ड लिहिणाऱ्याने केला असता तर बरं झालं असतं. स्वतः टोचायचं अ‍ॅड्रेनलिनचं पेन आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहजी मिळत नाही. तेव्हा निघायच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोला. दोन पेनं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६९ फिरवायचा.

पाचवा उपाय : 'दाणे, तीळ दिसले तर बाजूला काढून खा.' २०१६ सालच्या जुलैमध्ये नताशा एडनान-लापेरूज ही पंधरा वर्षांची मुलगी लंडनहून फ्रान्समधल्या नीसला निघाली होती. तिला तिळाची अ‍ॅलर्जी. विमानतळावर घेतलेल्या सँडविचवरचं लेबल वाचलं, तिळाचा उल्लेख नव्हता. तीळ पावाच्या पिठातच मळलेले होते. विमानात वडिलांनी दोन इंजेक्शनं दिली, तरी ती त्याच दिवशी गेली. तिच्यामुळे ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून पाकीटबंद केलेल्या अशा खाण्यावरही सगळे घटक छापणं सक्तीचं झालं. पिठात मळलेले तीळ बाजूला काढून दाखवा. आपल्या आमटीतलं कूट तरी कुणी काढून दाखवा.

तिसरा : 'तळलं, भाजलं की अ‍ॅलर्जी मरते.' शेंगदाण्याच्या बाबतीत साफ उलटं आहे, भाजलेला दाणा जास्त त्रास देतो. हां, अर्धसत्य आहे, तेही सांगते. अंड्याची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना केकमधलं, पूर्ण भाजलं गेलेलं अंडं किंवा दूध चालतं. पण ते डॉक्टरांसमोर तपासून ठरवायचं असतं. आणि अतिशुद्ध रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत. पण आईंच्या लाडक्या लाकडी घाण्याच्या तेलाला ही सूट नाही.

पहिला : 'व्हेजिटेरियन म्हटलं की जगात सगळ्यांना कळतं.' थाई भाषेत शाकाहाराला 'मांगसविरत' म्हणतात, चक्क आपलं 'मांस-विरती'. शब्द इतका घरचा, तरी त्या ताटात अंडं येऊ शकतं आणि नजरचुकीने 'नाम प्ला' म्हणजे माशाचं सॉसही. करीच्या वाटणात बहुतेकदा कोळंबीची पेस्ट असते. कडक पाळायचं असेल तर 'जे' म्हणा. पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षर दिसलं की ते दुकान 'जे'. मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी मात्र बटाटा, गाजर विचारूनच घ्यावं. आणि माझ्या मुलाला या पताकेचा काडीचा उपयोग नाही, कारण दाणे 'जे' जेवणात बिनदिक्कत चालतात. आमच्या टूरवाल्याला अ‍ॅलर्जी सांगितली, तर म्हणाला, "मॅडम, व्हेजवर टिक केलंय ना?" हाच तो घोळ. पथ्य आणि अ‍ॅलर्जी एका चौकटीत बसत नाहीत.

त्याच मुद्द्यात 'तिथल्या भाषेतलं कार्ड दाखवा' असंही आहे. बरोबर आहे, मान्य. पण ते फोनवर भाषांतर करून नव्हे. थाईत 'थुआ' म्हणजे मूग, सोयाबीन, दाणे सगळंच. शेंगदाणा म्हणजे 'थुआ लिसोंग'. आमचं कार्ड थाई येणाऱ्या माणसाकडून लिहून घेतलंय. कुटलेले दाणे, दाण्याचं सॉस, दाण्याचं तेल नको. कढई आणि डाव धुऊन घ्या. चुकून गेलं तर मूल दवाखान्यात जाईल, असं त्यात स्पष्ट आहे.

दुसरा, 'आवडत नसेल तरी अ‍ॅलर्जी आहे म्हणा, म्हणजे घालत नाहीत.' कृपा करून नका म्हणू. कांद्याची 'अ‍ॅलर्जी' सांगून शेजारच्या ताटातली कांदाभजी उचलणारे पाहिले की खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईकडेही आचारी काणाडोळा करतो.

सहावा, 'बरोबर चिवडा आणि दाण्याची चटणी न्या.' काय बोलू!

एवढं सगळं आईंना काल समोर बसून वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चिवड्यात नुसतं डाळं घातलं तर चालेल ना गं? पण कढई नवी आणायला हवी, नाही का?"