हिरवी जाळी बुरशी अडवत नाही

"हॉस्पिटलात तोडफोड चालू असली तरी घाबरू नका. धूळ आपण रस्त्यावर रोजच खातो. हिरवी जाळी बांधली, पाणी मारलं, पेशंटला मास्क दिला की झालं. नवीन वॉर्ड तर जुन्यापेक्षा स्वच्छच असणार!" हा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. मी संसर्ग-नियंत्रणाचं काम करणारी नर्स आहे. कीमो चालू असलेल्या एखाद्या मुलाची आई हे वाचून निर्धास्त होईल, या विचारानंच मला लिहायला बसवलं.

रस्त्यावरच्या धुळीचं आधी. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो आणि आपल्या पेशी त्यांचा निकाल लावतात. रक्ताच्या कॅन्सरच्या किंवा बोन मॅरो बदललेल्या पेशंटकडे तेवढ्या पांढऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. बुरशी फुप्फुसात रुजते, रक्तवाहिन्यांत शिरते आणि औषधं देऊनही अनेक जण हातचे जातात. २०२१ मध्ये आपण म्युकरमायकोसिस पाहिला. ती बुरशी वेगळी, पण प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला बुरशी काय करते हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

आता जाळी. हा बीजाणू असतो साधारण २ ते ३ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट. जाळी विटेचा तुकडा अडवते, त्याला नाही. फॉल्स सीलिंगची एकच टाइल सरकवून बघा, तिच्या पाठीवर वर्षानुवर्षांची काळी, मऊ धूळ बसलेली असते, आणि हे बीजाणू त्या धुळीतच असतात. म्हणून कामाच्या जागेभोवतीचा आडोसा फॉल्स सीलिंगपर्यंत नाही, थेट स्लॅबपर्यंत हवा. सांधे टेपनं बंद, वॉर्डाकडे जाणारे एसीचे डक्ट बंद, आणि आतली हवा हेपा फिल्टरमधून बाहेर खेचणारं मशीन सतत चालू. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण हा फिल्टर धरतो. मशीन नीट खेचतंय का हे बघायला मी दाराच्या फटीशी टिश्यूपेपरची पट्टी धरते. पट्टी कामाच्या जागेकडे ओढली गेली तर ठीक. वॉर्डाकडे फडफडली तर मुकादमाला हाक मारून हातोडा थांबवायचा, मग कंत्राटदार कितीही चिडो.

पाणी मारल्यानं धूळ कमी उडते, हे खरं. पण भिजलेला जिप्सम बोर्ड दोन-तीन दिवस ओला राहिला की त्याच्यावरच बुरशी धरते.

मास्क वॉर्डातून एक्स-रेला नेताना कामाचा, तोही नीट बसणारा एन-९५. जेवताना, झोपताना, उलटी होताना तो तोंडावर राहत नाही.

आणि "नवीन म्हणजे स्वच्छ"? स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं क्वीन एलिझाबेथ युनिव्हर्सिटी हॉस्पिटल २०१५ मध्ये उघडलं. त्याला जोडून असलेल्या मुलांच्या हॉस्पिटलात नळांत आणि सिंकच्या निचऱ्यात जंतू सापडले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये मुलांचे कॅन्सर वॉर्ड दुसरीकडे हलवावे लागले. काम चालू असताना पाइपात पाणी महिनोन् महिने साचून राहतं. कोमट, साचलेलं पाणी न्यूमोनिया करणाऱ्या लेजिओनेला या जंतूला मानवतं. त्यामुळे वॉर्ड उघडण्याआधी प्रत्येक नळ, प्रत्येक शॉवर भरपूर वाहू द्यावा लागतो आणि पाण्याची तपासणी करावी लागते.

तुमच्या पेशंटच्या वॉर्डाशेजारी भिंत फुटणार असेल तर सिस्टरांना आधीच विचारा: पेशंटला कुठे हलवणार? आतली हवा कुठे सोडणार? राडारोडा झाकून न्याल ना, आणि कुठल्या लिफ्टनं? हे विचारताना संकोच करू नका. आम्हाला हे प्रश्न पहिला हातोडा पडायच्या आत हवे असतात.