वर्ग चालू असताना 'तात्काळ' पाठवू नका

रात्रीचे साडेनऊ वाजलेत, तरी सकाळचा राग उतरत नाहीये. म्हणून लिहायला बसले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. डोंगरातली वाडी, पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडेच. आज सर प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून चारही वर्ग मी एकाच खोलीत घेऊन बसले होते.

दुसरीची वजाबाकी चालू होती. ५२ वजा २७. एक मुलगी गेले चार दिवस या गणिताचं उत्तर ३५ काढत होती. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, मग तो वर असो की खाली, एवढंच तिच्या डोक्यात बसलेलं. चार दिवस मी काड्या घेऊन तिच्याजवळ बसत होते. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, प्रत्येकाला रबर बँड. आज तिने पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मांडल्या, त्या दोन काड्यांकडे बघत राहिली आणि आपणहून म्हणाली, "बाई, दोनातून सात कसे जातील?"

हा प्रश्न तिला पडावा म्हणून मी चार दिवस थांबले होते. तिने एक गठ्ठा उचलला, रबर बँडखाली अंगठा घातला, आणि टेबलावर माझा फोन थरथरायला लागला. टिंग, टिंग, टिंग. पाठोपाठ केंद्रप्रमुखांचा, म्हणजे आमच्या आजूबाजूच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा, कॉल.

"मॅडम, ग्रुप बघा ना. तुमच्या एका शाळेमुळे केंद्राची माहिती अडलीये. बाराच्या आत द्या, वरून सारखे फोन येतायत."

माहिती काय हवी होती? शाळेत हात धुवायला नळ किती आहेत. चालू किती, बंद किती. हीच माहिती मी जूनमध्ये लिंकवर भरली होती आणि ऑगस्टमध्ये एक्सेलमध्ये. नळ तेवढेच आहेत. सहा.

आमच्या वर्गात मेसेज येण्याइतकी रेंज असते, लिंक उघडण्याइतकी नसते. त्यासाठी पाण्याच्या टाकीपाशी जावं लागतं. पोषण आहाराच्या ताई खिचडीचं पातेलं सोडून वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मी टाकीकडे गेले. फॉर्म भरला. 'सबमिट' होईना. पुन्हा भरला. मग स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला, कारण भरलं असं सांगून चालत नाही, पुरावा लागतो. तोवर त्याच ग्रुपवर सूचना पडली की नळांचा फोटोही हवा. जिओटॅगसह, म्हणजे काढल्याचं ठिकाण नोंदलेला. तो काढला, पाठवला. परत आले तर २५ मिनिटं गेली होती.

काड्या जमिनीवर पसरलेल्या. रबर बँड चौथीतल्या पोरांच्या बोटांवर. आणि त्या मुलीच्या पाटीवर ३५.

सहा नळांसाठी.

मला सांगा, एखादा साहेब शाळेत आला, वर्गात मी शिकवत असताना थेट आत शिरला आणि माझ्या हातातला खडू काढून म्हणाला की आधी नळ मोजा, तर गाव गप्प बसेल का? कोणी करणारही नाही असं. मोठमोठे अधिकारीसुद्धा वर्गात येताना दारात थांबतात, मुलं उभी राहून नमस्ते म्हणतात, मग ते आत येतात. फोनमधून मात्र दिवसातून वीस वेळा कोणीही शिरतं. दार वाजवत नाही, थांबत नाही, आत काय चाललंय ते बघत नाही.

माझ्या फोनवर शाळेच्या कामाचे ११ व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. आज मोजले. केंद्राचा, बीटचा (काही केंद्रं मिळून एक बीट), तालुक्याचा, मुख्याध्यापकांचा, पोषण आहाराचा, आधारचा, अपार आयडीचा (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक), प्रशिक्षणाचा, एका अभियानाच्या फोटोंचा, संघटनेचा आणि पालकांचा. एकच सूचना पाच ग्रुपवर येते, कारण प्रत्येक ॲडमिनला 'मी पुढे पाठवली' हे दाखवायचं असतं. आणि त्या पाचही ग्रुपवर सकाळी फुलं, सुविचार, वाढदिवस. साहेबांचा वाढदिवस असला तर 'हार्दिक शुभेच्छा सर' सत्तर-ऐंशी वेळा, आणि त्या ढिगाऱ्यात मधेच कुठेतरी 'आज दुपारी २ पर्यंत' असलेलं एक पत्र. ते हुकलं तर खुलासा. म्हणून सगळं बघावंच लागतं. ग्रुप म्यूट करा असं मला कोणी सांगू नका. मागच्या वर्षी मी शाळेच्या वेळात फोन बंद ठेवून पाहिला. तिसऱ्या दिवशी 'वारंवार संपर्क साधूनही प्रतिसाद मिळाला नाही, खुलासा सादर करावा' असं पत्र हातात पडलं.

त्या पत्रांची भाषाच बघा. तात्काळ. अतितात्काळ. निरंक असल्यास निरंक अहवाल सादर करावा. विलंब झाल्यास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल. म्हणजे ज्या गोष्टीशी माझ्या शाळेचा काडीचाही संबंध नाही, तिच्याबद्दलही 'आमच्याकडे नाही' असं सही-शिक्क्याने लिहून कळवायचं. आणि पाठवायचं तरी किती वाटांनी! ग्रुपवर टाका, लिंकवर भरा, ई-मेल करा, आणि शनिवारी हार्ड कॉपी दोन प्रतीत आणून द्या. ई-मेलवर येणारा तक्ता म्हणजे छापून, सही करून, स्कॅन केलेली पीडीएफ. ती वाकड्या मानेने वाचायची, त्यावरून आपल्या हाताने एक्सेल तयार करायची, आणि रकाना पुढेमागे झाला की 'फॉरमॅट बदलू नये' म्हणून परत.

पूर्वीही माहिती मागवायचे. मी २२ वर्षं नोकरी केली आहे, मला ते दिवस आठवतात. केंद्रप्रमुख यायचे किंवा महिन्याच्या बैठकीत टपाल मिळायचं. त्या कागदावर जावक क्रमांक असायचा, तारीख असायची, सही असायची. मी तो आवक रजिस्टरला नोंदवायचे आणि शाळा सुटल्यावर माहिती भरायचे. मागणाऱ्याला कागद काढायला कष्ट पडायचे, म्हणून तो एकदाच आणि विचार करून मागायचा. आता मागायला काहीच लागत नाही. 'फॉरवर्ड' दाबलं की दीडशे शाळांतले दीडशे वर्ग एकदम थांबतात, आणि दाबणाऱ्याला ते दिसतसुद्धा नाहीत.

शिवाय या मेसेजला आवक क्रमांक कुठला? दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी सूचना आली, त्याप्रमाणे मी पालकांना दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावलं. रोजंदारी बुडवून माणसं आली. सकाळी बघते तर मेसेज हटवलेला. पाठवणाऱ्याने पुसून टाकला आणि मोकळा झाला. पालकांना तोंड मी दिलं. माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. भागाकार करा, दिवसाला चार तास. हे चार तास मुलांचे आहेत, कायद्याने दिलेले. पण व्हॉट्सॲपवरचं काम 'काम' म्हणून कुठे लिहिलंच जात नाही. दोनच मिनिटांचं आहे मॅडम, एक लिंक तर भरायची आहे. हजेरीपटावर मी दिवसभर वर्गात हजर आहे. प्रत्यक्षात मी टाकीपाशी उभी आहे. ही २५ मिनिटं कोणत्या रजिस्टरला लागतात?

आणि दोन मिनिटं ही दोन मिनिटं नसतातच. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ साली यावर निबंध लिहिलाय. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम नीट होत नाही, असं त्यांनी दाखवलं. मला ते रोज कळतं. परत येऊन मी त्या मुलीशेजारी बसले, तोंडाने 'दशक सुटा कर' म्हणत होते आणि डोक्यात होतं की फोटो अपलोड झाला की नाही. मुलांना हे लगेच समजतं. सात वर्षांचं मूल तुमच्या डोळ्यांकडे बघून सांगतं की बाई इथे नाहीत.

फोटोंबद्दल तर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. कोणताही उपक्रम असो, फोटो टाका. झाड लावा, फोटो. वाचन करा, फोटो. शाळेच्या फेसबुक पानावर टाका, हॅशटॅग लावा, लिंक ग्रुपवर द्या. कोणत्या शाळेने टाकले नाहीत त्याची लाल यादी संध्याकाळी ग्रुपवर. त्यामुळे झालंय असं की उपक्रम फोटोपुरता होतो. परवा मी मुलांना पुस्तकं देऊन चिंचेखाली नेलं. काही टाकायचं नव्हतं, ऊन छान होतं म्हणून नेलं होतं. मुलं गेली आणि न सांगता रांगेत बसली, पुस्तकं छातीशी उभी धरली, मुखपृष्ठ पुढे. पहिलीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, काढा की."

त्याला वाटतं पुस्तक असंच धरायचं असतं. सहा वर्षांचा आहे तो. हे त्याला आम्ही शिकवलं, मी शिकवलं, आणि मला याची लाज वाटते.

एक गोष्ट मी लपवणार नाही. माहिती पाठवायला हातात घेतलेला फोन माहिती पाठवून झाल्यावर लगेच खाली ठेवला जात नाही. अंगठा आपोआप पुढे जातो. कोणाचा तरी प्रवास, कोणाचं तरी भांडण, एक रील, दुसरं रील. खाली संपणारं पानच नसतं त्यात, मुद्दाम तसं बनवलंय. मधल्या सुट्टीत मी पूर्वी वह्या तपासायचे, आता कित्येकदा घंटा झाली तरी वह्या तशाच असतात. याचा दोष मी सगळा कार्यालयावर ढकलत नाही. पण मला दारू सोडायला सांगायची आणि दर अर्ध्या तासाने निरोप घेऊन गुत्त्यातच पाठवायचं, हा कुठला न्याय? फोनपासून लांब राहायचा माझा निश्चय मी रोज सकाळी करते. माझी नोकरीच तो रोज अकरा वाजता मोडायला लावते.

आणि शाळा सुटल्यावर तरी सुटका आहे का? रात्री साडेदहाला 'उद्या सकाळी १० पर्यंत'. रविवारी 'सर्वांनी नोंद घ्यावी'. फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे की कामाच्या वेळेबाहेर ई-मेल-फोनपासून मोकळं राहण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा. आपल्याकडेही खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ चं असं विधेयक लोकसभेत मांडलं. ते खासगी विधेयक होतं, कायदा झाला नाही. व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण माझी मागणी त्याच्याही उलट्या बाजूची आहे. संध्याकाळी पाठवा हवं तर, मी भरीन. आजवर भरतच आले. पण साडेदहा ते पाच मला सोडा. तो वेळ माझा नाहीच, मग मी तो तुम्हाला कसा देऊ?

केंद्रप्रमुखांना वरून फोन येतात, त्यांच्या वरच्यांना त्यांच्या वरून येतात, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक जण 'वरून' म्हणतो. या उतरंडीत सगळ्यात खाली मी नाही. माझ्याखाली ती मुलगी आहे, आणि तिला पुढे ढकलायला कोणीच नाही.

म्हणून आज संध्याकाळी तालुक्याच्या ग्रुपवर मी लिहिलं. चांगल्या शब्दांत, नावानिशी, पदासकट. दिवसाची सगळी माहिती एकाच ई-मेलने, शाळा सुटल्यावर मागवावी. एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नये. सूचनेला जावक क्रमांक असावा. शाळेच्या वेळात फोन फक्त मुलांच्या जिवाशी संबंधित गोष्टीसाठी यावा. शेवटी लिहिलं की उद्यापासून साडेदहा ते पाच माझा फोन कपाटात राहील, मधल्या सुट्टीत एकदा बघेन, आणि खुलासा मागितलात तर हाच देईन.

आत्ता मेसेजची माहिती उघडून पाहिली. ६४ जणांनी वाचलाय. ग्रुपवर कोणीच काही बोललेलं नाही. त्याखाली कोणीतरी उद्याच्या फोटोंची आठवण टाकली आहे. खासगीत तिघांनी लिहिलं. दोघांनी नुसते हात जोडले. तिसऱ्या बाई माझ्याबरोबर डी.एड.ला होत्या. त्यांनी लिहिलं, "अगदी बरोबर आहे गं तुझं. पण ग्रुपवर टाकायला नको होतंस."

मी तो पुसणार नाही. गठ्ठे पुन्हा बांधून ठेवलेत, रबर बँड नवीन आणलेत. उद्या परिपाठ झाला की आधी तिच्याजवळ बसायचं आहे.