पत्र्याला पत्रा जोडायचा, त्यात काय एवढं?

सकाळीच डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. सरकारी जहाजं देशातच बांधायचा हट्ट कशाला, कोरियात पटापट होतात, नियम काढा आणि सरळ विकत आणा, असा एकूण सूर. इथवर ठीक, मतं असतात लोकांना. पण खाली आमच्याच वर्गातल्या एकाने लिहिलं, 'पत्र्याला पत्रा जोडायचा, त्यात काय एवढं?' वर तिघांचे हसरे चेहरे.

माझे बाबा एकतीस वर्षं गोदीत वेल्डर होते.

नवीन असताना त्यांनी जहाजाच्या तळाचा एक जोड भरला. वरून बघाल तर कसा सुबक, एकसारखा. एक्स-रे काढला तर काळे ठिपके. आत हवा अडकलेली. अख्खा जोड ग्राइंडरने खणून काढला, परत भरला. परत ठिपके. तिसऱ्यांदा पास. त्या नापास जोडाची टाकून दिलेली फिल्म बाबांनी घरी ट्रंकेत ठेवली होती. २४ ऑक्टोबर १९९५ ला गॅलरीत उभं राहून आम्ही भावंडांनी तिच्यातूनच ग्रहण पाहिलं. (असं करू नये हे आता कळतं. डोळे शाबूत राहिले हे नशीब.)

आता नियमाचं. एक तर बाहेरून घ्यायला सरसकट बंदी नाहीच. २०० कोटींपर्यंतच्या सरकारी खरेदीला जागतिक टेंडर काढायचं नाही, हे २०२० पासून आहे. संरक्षण खरेदीत आधी देशी, मग बाकीचे. गेल्या वर्षी, १ जुलै २०२५ ला, रशियातल्या कालिनिनग्राडला आयएनएस तमाल नौदलात आली, तेव्हा बाहेरून आलेली ही शेवटची युद्धनौका असेल असं सांगितलं गेलं. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. असो.

आणि बाहेरून पटकन मिळतं हे कोणी सांगितलं? रशियाकडून घेतलेल्या विमानवाहू विक्रमादित्यचा करार २००४ चा, द्यायची होती २००८ ला, मिळाली नोव्हेंबर २०१३ मध्ये. किंमत दुपटीच्या वर गेली. तीही जुनी बोट दुरुस्त करून! तेव्हा कुठे होते हे हसरे चेहरे?

सगळ्यात जास्त राग येतो तो पाणबुड्यांचा. ऐंशीच्या दशकात जर्मनीशी करार झाला. पहिल्या दोन तिकडे बांधल्या, पुढच्या दोन आपल्या मुंबईतल्या माझगाव गोदीत. शल्की १९९२, शंकुल १९९४. मग दलालीच्या आरोपांचा धुरळा, आणि पुढच्या पाणबुड्या गेल्या बाराच्या भावात. माझगावातून त्यानंतरची पाणबुडी, कलवरी, नौदलात कधी आली? डिसेंबर २०१७. तेवीस वर्षं! ज्यांचा हात तिथे बसला होता ती माणसं तोवर रिटायर होऊन गावाला गेली. जोड तिसऱ्यांदा पास होतो, कारण पहिले दोन तुम्ही स्वतः बिघडवलेले असतात. मधे तेवीस वर्षं गेली की पुन्हा पहिल्यापासून ठिपके. हे मी त्या ग्रुपवर कसं समजावू?

बरं, आपल्याकडेही उशीर होतो, मान्य. नव्या विमानवाहू विक्रांतचा तळाचा कणा कोचीत २००९ ला बसवला, नौदलात आली २०२२ ला. मान्य, मान्य. पण तिच्यासाठी बाहेरून पोलाद मिळेना म्हणून ते इथे तयार झालं. आता पुढच्या जहाजांना त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको. हे कुठल्या हिशेबात धरायचं?

अमेरिकेत तर नौदलाची जहाजं परदेशी गोदीत बांधायला कायद्यानेच मनाई आहे. राष्ट्राध्यक्षांनी खास सूट दिली तरच. आता बर्फ फोडणारी जहाजं फिनलंडकडून घ्यायची म्हणून तिथल्या तटरक्षक दलासाठी अशी सूट द्यावी लागली, हेही खरं. म्हणजे गोद्या एकदा थंड पडल्या की नुसता कायदा करून त्या पेटत नाहीत, एवढं त्या मित्राचं मान्य करायला मी तयार आहे. याहून जास्त नाही.

दुपारी बाबांना फोन केला. चिडून सगळा मेसेज वाचून दाखवला. मला वाटलं खवळतील. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे की त्याचं. पत्र्याला पत्राच जोडतात." आणि हसले. "एक्स-रे कोण काढणार, विचारलंस का त्याला?"

नाही विचारलं. ती फिल्म कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले आईला विचार, ट्रंक तिने माळ्यावर टाकलीय. रविवारी जातोय घरी.