अटॅक जुना झाला, आता अरेस्ट म्हणा

भाव ऐकून तुम्हाला अजूनही ‘धक्का’ बसत असेल तर तुम्ही फार मागे राहिलात. धक्का कदंब बसमध्ये बसतो. ‘काळजात धस्स झालं’ आजीबरोबर गेलं आणि ‘हार्ट अटॅक यायचा बाकी होता’ हे आता म्हापशाच्या बाजारात मिरची विकणारीसुद्धा म्हणते. चारचौघांत मान राखायचा असेल तर ‘कार्डियाक अरेस्ट’ म्हणायला शिका. जीभ वळायला दोन दिवस लागतात, पुढे अडचण नाही. अर्थ कळायची गरज नाही.

सरावाला मासळी बाजारासारखी जागा नाही, आणि मोसम म्हणाल तर पावसाळा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर किनाऱ्याला बांधलेले असतात, इसवणाकडे, म्हणजे सुरमईकडे, नुसतं बघायचेही पैसे पडतील की काय असं वाटतं. मी गेल्या जुलैत नेम धरला. भाव विचारला, उजवा हात छातीवर ठेवला (डावा ठेवला तरी चालतो, समोरचा तपासत नाही) आणि म्हणालो, “बाये, कार्डियाक अरेस्ट येता म्हाका!” तिने खवलं काढता काढता मान वर केली नाही. “आदीं पयशे दी, मागीर मर.”

घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं, तिच्या उत्तरात वैद्यकीयदृष्ट्या एक चूक नव्हती. खरा अरेस्ट झाला की शुद्ध हरपायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात पाकीट निघत नाही. पैसे आधीच द्यायला हवेत.

आता थोडं व्याकरण. ‘मला कार्डियाक अरेस्ट आला’ या वाक्याचा कर्ता प्रत्यक्षात जमिनीवर आडवा असतो. नाडी नाही, नीट श्वास नाही, शुद्ध नाही. म्हणजे हे क्रियापद तृतीय पुरुषातच चालायला हवं. अपवाद आहेत, आणि फुटबॉलवेड्या गोव्यात एक सांगावा लागणार नाही. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला फिनलंडविरुद्धच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानात कोसळला. तिथल्या तिथे छाती दाबली गेली, विजेचा झटका दिला गेला. पुढच्याच वर्षी तो छातीत यंत्र बसवून इंग्लंडमध्ये खेळत होता. प्रथम पुरुषी भूतकाळ वापरायचा हक्क त्याने कमावला. तुम्ही तो वीजबिल हातात घेऊन वापरा, कोण अडवतंय?

कुणी शहाणा फरक समजावायला आलाच तर कान बंद करा. तो म्हणेल, अटॅक हे नळाचं काम आणि अरेस्ट विजेचं. अटॅकमध्ये हृदयाच्याच रक्तवाहिनीत गुठळी अडकते, माणूस घामाघूम होतो, छातीत, हातात, जबड्यात कळा येतात, पण बहुधा तो बोलतो आणि कधी कधी स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जातो. अरेस्टमध्ये विजेचं गणितच बिघडतं. बऱ्याचदा हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात आणि रक्त पुढे जात नाही. अटॅकातून अरेस्ट होऊ शकतो, हेही तो सांगेल. असले बारकावे बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांसाठी सोडा. आमच्या वाड्यावरचे एक काका सरळ ‘हार्टचा अटक’ म्हणत. आम्ही हसायचो. आता वाटतं, दोन्ही रोग एका शब्दात बसवणारा तो एकटाच माणूस. फरक इतकाच, की एरवी अटक झालेल्याला आठवड्याभरात जामीन मिळतो. या अटकेत मदत मिळाली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी उतरते.

नाटकात मात्र हा शब्द हवाच. जत्रेच्या नाटकात मी आजवर तीन वेळा बाप म्हणून मेलोय. तिसरा अंक, मुलगा उलट बोलतो, मी खुर्चीची पाठ धरतो आणि कोसळतो. यंदा आमच्या नव्या दिग्दर्शकाने संहिता ‘अपडेट’ केली. डॉक्टरचं काम करणारा तलाठी धावत येतो, स्टेथोस्कोप माझ्या पोटावर टेकवतो आणि म्हणतो, “यांना कार्डियाक अरेस्ट आलाय. पूर्ण विश्रांती हवी!” मग मी डोळे उघडतो आणि अकरा वाक्यं बोलतो. मुलीचा हात जावयाच्या हातात देतो, थोरल्याला माफ करतो, भाटाची, म्हणजे माडांच्या बागेची, वाटणी करतो. त्यातही विहिरीकडचे सहा माड धाकट्याला हे प्रॉम्प्टरला दोनदा सांगावं लागलं. बायका रडल्या. नाटक संपल्यावर चहाच्या वेळी वाड्यावरचीच एक नर्स आत आली. “काका, तुम्ही पहिल्याच वाक्याआधी गेला होता. बाकीचं कोण बोललं?”

कागदोपत्रीही शब्दाची चलती आहे. मृत्यूचं कारण लिहायच्या सरकारी नमुन्यावर ‘मरण्याची रीत लिहू नका, आजार लिहा’ अशा अर्थाची सूचना छापलेली असते. तरी त्या रकान्यात ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ दिसतोच. तसं पाहिलं तर आजोबा, बोकड आणि ताटातला बांगडा, तिघेही त्यानेच गेले.

इतका सराव झाल्यावर एक पथ्य पाळा. समोर कुणी खरंच कोसळला तर हा शब्द चुकूनही तोंडातून काढू नका. ‘चक्कर आली’ म्हणा. ‘गॅस’ म्हणा, त्याला तर कुणीच नाही म्हणत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओता. एकाने कांदा आणावा, दुसऱ्याने चप्पल हुंगवावी, उरलेल्यांनी वारा अडेल असं कडं करावं. मध्येच त्याला घरघर लागली, आचका आला, तर ‘श्वास चालू आहे’ म्हणत निवांत व्हा. १०८ला फोन दुसऱ्या कुणी केला असेलच. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटीमीटर खोल दाबत राहायचं असतं म्हणे. हे आपलं काम नव्हे. चतुर्थीला तासभर घुमट हे वाद्य बडवून न थकणारे हात वाड्यावर ढिगाने आहेत, पण ते आरतीसाठी राखून ठेवलेत.

ती नर्स मात्र चिकट निघाली. पुढच्या रविवारी देवळाच्या मंडपात तिने दोन उशा एकमेकींवर बांधल्या आणि आम्हा नटांना रांगेत बसवलं. तलाठी वीस दाबांत दमला, घुमटवाल्याने दीडशे काढले. मी दाबत असताना कोपरं वाकवली म्हणून ती दोनदा ओरडली. दिग्दर्शक वही घेऊन बाजूला उभा होता, त्याच्या डोक्यात पुढच्या जत्रेचा तिसरा अंक शिजत होता.

“बाय, हे चालू असताना संवाद म्हणता येतील का?”

“वरच्याला येतील,” ती म्हणाली. “खालच्याला नाही.”

त्याने वहीत काहीतरी खोडलं. माझी अकरा वाक्यं असावीत.