मालकांकडून उत्तर: सात नंबरचा डिटेक्टर

नमस्कार साहेब,

आपण एक स्टार देऊन लिहिलंत, "बारा गॅस डिटेक्टर कॅलिब्रेशनला दिले. चार दिवस सांगून अकरा दिवस लावले, दोघांचं सर्टिफिकेट अडवलं, पैसे मात्र बाराचे घेतले." उशीर झाला, माफ करा. कॅलिब्रेशन गॅसचा, म्हणजे ज्याने डिटेक्टरचा आकडा तपासतो त्या गॅसचा, सिलिंडर वेळेवर आला नाही, आणि निदान फोन करून तसं सांगायला हवं होतं.

पण "अडवलं" हा शब्द फार लागला.

सात नंबरच्या डिटेक्टरच्या फ्लेमप्रूफ बॉडीला दुसरी केबल घालायला कुणीतरी ड्रिलने भोक पाडलंय. त्यात केबल धरायची साधी प्लॅस्टिकची ग्लँड, वरून एम-सील. हे आमच्याकडे झालेलं नाही. माल आला त्याच दिवशी फोटो काढून आपल्या स्टोअरच्या माणसाला पाठवलेत, निळ्या टिकाही आल्यात. फ्लेमप्रूफ म्हणजे आत गॅस शिरतच नाही, असं नसतं साहेब. शिरतो, ठिणगीने पेटूही शकतो. बॉडी तो स्फोट आतल्या आत सोसते आणि झाकणाच्या आट्यांमधून बाहेर येईतो ज्वाळ थंड होते. असं भोक पाडल्यावर त्या बॉडीचा काय भरवसा? पेसोने, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेच्या सरकारी खात्याने, मान्यता दिली ती बिनभोकाच्या नमुन्याला.

आमचं सर्टिफिकेट एवढंच सांगतं की गॅस दिल्यावर आकडा बरोबर येतो की नाही. सात नंबरचा आकडा बरोबर येत होता! तसं लिहून, खाली भोकाचा शेरा मारून द्यायला मी तयार होतो. आपल्याला शेरा नको होता, उलट "फ्लेमप्रूफ ओके" अशी ओळ हवी होती, कारण सोमवारी ऑडिट होतं. ती ओळ मी कोऱ्या करकरीत डिटेक्टरवरसुद्धा लिहू शकत नाही. तो अधिकार माझा नाही.

अकरा नंबरला ५० टक्के एलईएलचा गॅस दिला (एलईएल म्हणजे हवेत गॅस पेटू शकतो ती किमान पातळी), आकडा ५० ऐवजी १९ वर अडकला. झीरो-स्पॅन, म्हणजे शून्य आणि वरचा आकडा जुळवणं, दोनदा केलं, तेच. आजूबाजूला सिलिकॉन स्प्रे मारत असाल तर बघा, कॅटॅलिटिक, म्हणजे गॅस जाळून मोजणारा, सेन्सर त्याने मरतो. आणि मेलेला सेन्सर शून्य दाखवत बसतो, बघणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे. नव्या सेन्सरचा दर कळवला होता, उत्तर आलं नाही.

पैसे तपासणीचे घेतले, कागदाचे नाही. नापास होणाऱ्यावर तर गॅस जास्तच जातो.

भोसरीत १७ वर्षं हेच काम करतोय. आपला रिव्ह्यू वाचून दोन जुन्या गिऱ्हाइकांचे "काय झालं हो?" म्हणून फोन आले. न तपासता कागद देणारेही बाजारात आहेत, आमच्यापेक्षा स्वस्तही पडतात. असो.

यापुढे उशीर होणार असेल तर आधी कळवायची काहीतरी व्यवस्था करतो, जादा सिलिंडर ठेवायचंही बघतोय. अकरा नंबरला सेन्सर बसवायचा असेल तर मजुरी घेणार नाही. सात नंबरचा मात्र परत प्लांटवर चढवला असेल, तर कृपा करून आजच उतरवा.